भेगाळ कातळात उतरलेलं पेट्रोल : मेरीलँडमधल्या एका पंपाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर काउंटीच्या उत्तर भागातल्या एका वस्तीत चौकात पेट्रोल पंप होता. १२ जानेवारी २००६ रोजी तिथे ठेकेदाराकडून काम चालू असताना जमिनीखालच्या पेट्रोलच्या नळीला छिद्र पडलं. ते लक्षात आलं १७ फेब्रुवारीला. मधल्या ३७ दिवसांत सुमारे २६,००० गॅलन, म्हणजे जवळपास ९८ हजार लिटर पेट्रोल जमिनीत गेलं. कंपनी, ठेकेदार आणि रहिवासी यांची नावं इथे घेतलेली नाहीत. प्रकरण समजून घ्यायला त्यांची गरजही नाही.

या वस्तीत नळाचं पाणी नव्हतं. घरटी एक बोअरवेल आणि तेच प्यायचं पाणी. खाली शिस्ट जातीचा खडक. वर माती, तिच्याखाली कुजलेल्या खडकाचा जाड थर (आपण त्याला सरळ मुरूम म्हणू), आणि मग कातळ. शिस्टला वहीच्या पानांसारखे पापुद्रे असतात. त्या पट्ट्यात हे पापुद्रे साधारण ईशान्य-नैऋत्य पसरलेले आहेत. कातळात पाणी साठतं आणि वाहतं ते भेगांमधून. त्यामुळे भूजलाचा उतार एकीकडे आणि पाण्याची खरी वाट दुसरीकडे, असं सहज होऊ शकतं.

तिसरी गोष्ट पेट्रोलची. त्या काळी बाल्टिमोर परिसरात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजनयुक्त पूरक म्हणून एमटीबीई (मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर) मिसळत. अशा पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण साधारण ११ टक्के असे. त्याच वर्षीच्या वसंतात अमेरिकी शुद्धीकरण कंपन्यांनी एमटीबीई जवळपास सोडून दिलं. ही गळती त्याच्या काही आठवडे आधीची.

अडचण नेमकी काय होती

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. ते भूजलाच्या वर तरंगतं हे खरं, पण त्यातले घटक एकेक करून पाण्यात उतरतात, आणि सगळे सारख्या वेगाने उतरत नाहीत. बेंझीन हा पेट्रोलमधला विषारी घटक. तो पेट्रोलमध्ये १ टक्का धरला तर लागून असलेल्या पाण्यात ते लिटरमागे साधारण १८ मिलिग्रॅमपर्यंत जातं. ११ टक्के एमटीबीई मात्र पाच हजार मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. शिवाय बेंझीन मातीच्या सेंद्रिय भागाला थोडंफार चिकटतं आणि ऑक्सिजन मिळाला तर जिवाणू ते खातात. एमटीबीई फारसं चिकटत नाही आणि जिवाणूही त्याला सावकाश हात लावतात. म्हणून दूषित पाण्याच्या पट्ट्याचं पुढचं टोक नेहमी एमटीबीईचं असतं.

मेरीलँडमध्ये एमटीबीईची कारवाईची मर्यादा लिटरला २० मायक्रोग्रॅम होती आणि बेंझीनची पिण्याच्या पाण्यातली संघीय मर्यादा ५ मायक्रोग्रॅम. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८० ग्रॅम एमटीबीई धरा. ते सगळं पाण्यात उतरलं तर चाळीस लाख लिटर पाणी २० मायक्रोग्रॅमच्या रेषेवर येतं. इथे गळलं होतं ९८ हजार लिटर. हा हिशेब प्रत्यक्षात जसाच्या तसा घडत नाही. बरंचसं पेट्रोल वाफ होऊन जातं, काही उपसलं जातं, काही मुरमात अडकून राहतं. पण ‘थोडंसं सांडलं, मुरून जाईल’ या समजुतीला जागा किती कमी आहे ते यावरून कळतं.

पहिला निर्णयबिंदू : साठ्याचं रजिस्टर

या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त उपाय पहिल्या तीन-चार दिवसांत हाताशी होता, तो निसटला. पुढची सगळी यंत्रसामग्री त्याची भरपाई करण्यासाठी लागली.

आकडे बघा. ९८ हजार लिटर भागिले ३७ दिवस, म्हणजे दिवसाला सरासरी २,६०० लिटरहून थोडं जास्त. तासाला ११० लिटर. दाबाखालच्या नळीवर बसवायच्या गळती-शोधकाने १० पीएसआय (दाबाचं अमेरिकी एकक) दाबाला तासाला ३ गॅलन, म्हणजे सुमारे ११ लिटर गळती तासाभरात ओळखावी, असा संघीय नियम आहे. इथली सरासरी गळती त्याच्या दहापट होती, तरी ती ३७ दिवस चालूच राहिली. नळी गळते मुख्यतः पंप चालू असताना, म्हणजे त्या वेळचा प्रत्यक्ष दर सरासरीहूनही जास्त असणार. शोधक बसवलेला आहे एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्याची चाचणी घ्यायची ती नळीतून ठरलेल्या दराने खरोखर पेट्रोल काढून आणि शोधक पुरवठा तोडतो का ते बघून. पॅनेलवरचा हिरवा दिवा पाहणं ही चाचणी नव्हे.

आता साठा. महिन्याचा ताळमेळ लावताना संघीय मोजपट्टी अशी : महिन्यात टाकीतून गेलेल्या मालाच्या १ टक्का अधिक १३० गॅलन, एवढ्यापेक्षा फरक आला की गळतीचा संशय. समजा पंपाची विक्री महिन्याला दोन लाख गॅलन आहे. मर्यादा झाली २,१३० गॅलन. रोज ७०० गॅलन जात असतील तर चौथ्या दिवशी ती ओलांडली जाते. रोजची तपासणी नसली आणि फक्त ३१ जानेवारीला हिशेब बंद केला तरी तोवर तेरा हजार गॅलनांच्या वर तूट दिसायला हवी.

‘तापमानामुळे फरक पडतो’ हे उत्तर पंपावर नेहमी ऐकू येतं. पडतो, पण किती? पेट्रोल दर अंश सेल्सियसला साधारण ०.१२ टक्के फुगतं किंवा आकसतं. २०,००० लिटरचा टँकर उतरवला आणि पाच अंशांचा फरक धरला तर १२० लिटर. बाष्पीभवन, डिप रॉड वाचण्यातली चूक, मीटरचा थोडा बिघाड, सगळं मिळून आणखी काही दहा लिटर. आणि हा फरक एक दिवस उणे तर दुसऱ्या दिवशी अधिक येतो. सलग तीन दिवस एकाच बाजूला, हजारांत येणारी तूट तापमानाची नसते.

जमिनीत खोदकाम किंवा ड्रिलिंग झालं असेल तर आणखी एक पायरी लागते. नळी पुन्हा सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंनी बंद करून कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासायची. तासाला ०.१ गॅलनची गळती पकडणारी ही चाचणी आहे. अर्ध्या दिवसाची विक्री बुडते, एवढाच तिचा खर्च.

दुसरा निर्णयबिंदू : आधी कोणाच्या विहिरी तपासायच्या

गळती कळल्यावर पहिली गरज पाणी पिणाऱ्या माणसांची. अशा वेळी नकाशावर पंपाभोवती वर्तुळ काढायचा मोह होतो. भेगाळ कातळात वर्तुळ अपुरं पडतं. इथे अर्ध्या मैलाच्या परिसरातल्या खासगी विहिरींवर लक्ष ठेवावं लागलं. आणि त्या परिसरातही पापुद्र्यांच्या दिशेतली लांबची विहीर आडव्या दिशेतल्या जवळच्या विहिरीपेक्षा आधी हाती घ्यायची असते.

प्रत्येक विहिरीची किमान एवढी माहिती लागते : खोली, केसिंग किती फुटांपर्यंत, पंप कुठे टांगलाय, पाणी कोणत्या खोलीवर लागलं, दिवसाला उपसा किती. केसिंग उथळ असेल तर मुरमातलं दूषित पाणी केसिंगच्या बाहेरून थेट खाली उतरतं. जास्त उपसा करणारी विहीर भेगेतून दूषित पाणी स्वतःकडे ओढते. इथे एक पेच आहे. पंपाजवळची घरं विहीर वापरणं एकदम थांबवतात तेव्हा तिथला उपसाही थांबतो आणि जे पाणी त्या विहिरी अडवत होत्या ते पुढच्या घरांकडे सरकतं. म्हणून जवळच्या विहिरी पिण्यासाठी बंद करायच्या, पण त्याच भागात नियंत्रित उपसा करून पाणी शुद्धीकरणाकडे वळवायचं. या दोन गोष्टी एकाच वेळी व्हायला लागतात.

तळघरांमध्ये वाफेची तपासणीही त्याच दिवशी करायची. हवेत पेट्रोलची वाफ १.४ टक्के झाली की ठिणगीने पेट घेऊ शकते. वास येत नाही म्हणून तळघर सुरक्षित असं धरून चालत नाही. मीटर लावूनच बघायचं.

निरीक्षण विहिरी आणि नमुने

या ठिकाणी पुढे दोनशेहून जास्त निरीक्षण आणि उपसा विहिरी घेतल्या गेल्या. आकडा मोठा वाटतो, पण भेगाळ खडकात एका विहिरीचं निदान शेजारच्या विहिरीला लागू पडेलच असं नाही. दहा मीटरवर शेजारीशेजारी दोन बोअर, एकात पेट्रोलचा थर आणि दुसरा स्वच्छ, असं चित्र असू शकतं.

इथे एक धोका नीट सांगायला हवा, कारण तो साफसफाई करणाऱ्यांच्याच हातून होतो. कातळात लांबच लांब उघडा बोअर मारला की वरची दूषित भेग आणि खालची स्वच्छ भेग एकमेकींना जोडल्या जातात. मग विहीरच दूषित पाणी खाली नेते. उपाय असा : बोअर मारला की लगेच कॅमेरा आणि व्यास मोजणारं उपकरण सोडून भेगा टिपून घ्यायच्या. मग रबरी पॅकर फुगवून एकेक भेग वेगळी करायची, त्या त्या भेगेचा नमुना घ्यायचा. त्यानंतर ज्या भेगेवर लक्ष ठेवायचं तिथेच जाळीची केसिंग, तिच्याभोवती वाळू आणि वर बेंटोनाइटचा (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचा) बूच. आज मोजणी करून ‘उद्या बूच भरू’ म्हणत बोअर उघडा ठेवणं हे नुकसानीचं काम आहे.

पाण्याची पातळी सगळ्या विहिरींत एकाच दिवशी मोजायची. आधी इंटरफेस प्रोब सोडायचा. तो पेट्रोलचा वरचा पृष्ठभाग आणि पाण्याचा पृष्ठभाग वेगवेगळे दाखवतो. विहिरीत दिसणारी पेट्रोलची जाडी ही जमिनीतली जाडी नव्हे. पातळी खाली गेली की विहिरीतला थर वाढतो आणि वर आली की घटतो, प्रत्यक्ष साठा तेवढाच असला तरी. ‘थर संपला’ असं पावसाळ्यानंतर लिहिणाऱ्या अहवालांकडे म्हणूनच संशयाने बघावं.

नमुना घेताना विहिरीतलं पाणी मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या सावकाश उपसायचं, पातळी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरू द्यायची नाही. पीएच, वाहकता, विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा यांची सलग तीन वाचनं स्थिर झाली की बाटली भरायची. बाटली ४० मिलिलिटरची, काठोकाठ, उलटी केली तर आत बुडबुडा दिसता कामा नये. बुडबुडा राहिला तर बेंझीन त्यात निघून जातं आणि आकडा खोटा, कमी येतो. नमुने ४ अंशांवर थंड ठेवून १४ दिवसांच्या आत प्रयोगशाळेत तपासून व्हायला हवेत.

बेंझीनसाठी नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात, म्हणजे जिवाणू ते खात नाहीत. एमटीबीई असेल तर हाच उपाय उलटतो. आम्लयुक्त नमुना प्रयोगशाळेत गरम करून तपासला की एमटीबीईचा काही भाग टीबीएमध्ये (टर्शरी ब्युटाइल अल्कोहोलमध्ये) बदलतो. मग एमटीबीई कमी आणि टीबीए जास्त दिसतं. अशा वेळी आम्लाऐवजी ट्रायसोडियम फॉस्फेट वापरायचं किंवा तपासणी साध्या तापमानावर करायला सांगायचं. प्रयोगशाळेला नमुने पाठवण्याआधी हे लेखी कळवावं. नंतर कळवून उपयोग नाही.

आणि जनरेटर. पेट्रोलवर चालणारा जनरेटर विहिरीच्या वाऱ्याच्या बाजूला ठेवला की त्याचाच धूर आणि वाफ नमुन्यात येते. शुद्ध पाण्याची एक सीलबंद बाटली प्रत्येक खोक्याबरोबर फिरवायची. तिच्यात बेंझीन सापडलं तर त्या खोक्यातल्या सगळ्या निकालांवर प्रश्नचिन्ह.

कोणते पर्याय होते

माती खोदून नेणं : पंपाखालची संपृक्त माती काढण्यापुरतं उपयोगी. पेट्रोल कातळात उतरल्यावर फावड्याचा उपयोग संपतो.

नुसतं तरंगतं पेट्रोल काढणं : स्वस्त आणि सोपं, पण भेगांतून जे हाती लागतं ते थोडंच. पाण्यात उतरलेल्या एमटीबीईला याने काहीच होत नाही.

भूजलात हवा सोडणं : वाळूच्या जमिनीत उत्तम. कातळात हवा कुठल्या भेगेने जाईल याचा नेम नाही. ती वाफ एखाद्या घराच्या तळघरात नेऊन सोडू शकते. वस्ती असलेल्या ठिकाणी हा पर्याय बाजूला ठेवणंच शहाणपणाचं.

हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा परसल्फेट (पेट्रोलचं विघटन करणारी रसायनं) सोडणं : सुटं पेट्रोल शिल्लक असताना रसायनाची मागणी प्रचंड असते. वर पेरॉक्साइडने उष्णता आणि वायू तयार होतात. शेवटच्या टप्प्यात उरलेल्या ठिपक्यांसाठी विचार करता येतो, सुरुवातीला नाही.

निसर्गावर सोडून लक्ष ठेवणं : बेंझीनच्या शेपटीला चालतं. पिण्याच्या पाण्याच्या विहिरी समोर असताना आणि एमटीबीई असताना सुरुवातीला याला जागा नाही.

व्हॅक्यूमखालचा दुहेरी उपसा : विहिरीवर जोरदार व्हॅक्यूम लावून पाणी, पेट्रोल आणि वाफ एकत्र ओढायची. पाण्याची पातळी उतरली की पेट्रोल माखलेला मुरूम आणि भेगा उघड्या पडतात आणि तिथून वाफ निघू लागते. ताज्या पेट्रोलचा मोठा भाग लवकर उडणारा असतो, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत वाफेच्या रूपाने निघणारं पेट्रोल द्रवापेक्षा जास्त असू शकतं. इथे हाच मार्ग मुख्य ठरला, जोडीला भूजलाचा उपसा आणि शुद्धीकरण. मला हा निर्णय योग्य वाटतो. गळती ताजी होती, पेट्रोल अजून उडण्याजोगं होतं, आणि त्याच उपशाने पाण्याचा ओघ वस्तीकडून मागे वळवता येत होता.

घरांवरची गाळणी

दूषित विहिरींच्या घरांना कार्बनच्या गाळण्या बसवल्या गेल्या. घरात पाणी शिरतं तिथेच एकामागे एक अशा दोन टाक्या बसवायच्या. नमुना तीन ठिकाणी घ्यायचा : आधी, दोन टाक्यांच्या मध्ये आणि शेवटी. मधल्या नमुन्यात एमटीबीई दिसलं की पहिली टाकी भरली. मग दुसरी टाकी पहिल्या जागी आणायची आणि नवी टाकी तिच्या मागे. शेवटच्या नळावर एमटीबीई दिसेपर्यंत थांबायचं नाही, कारण तोवर ते घरातल्यांच्या पोटात गेलेलं असतं.

कार्बन एमटीबीईला बेंझीनइतका घट्ट धरत नाही, म्हणून टाकी लवकर संपते. नारळाच्या करवंटीपासून केलेला कार्बन इथे दगडी कोळशाच्या कार्बनपेक्षा बरा ठरतो. प्रत्येक टाकीत पाणी साधारण दहा मिनिटं थांबेल एवढं माप हवं. कार्बनमध्ये जिवाणू वाढतात, तेव्हा शेवटी अतिनील दिवा लावायचा. कार्बन बदलायची तारीख कॅलेंडरवर ठरवू नये. ती मधल्या नमुन्यावर ठरवावी, कारण पाहुण्यांनी भरलेल्या घराचा उपसा दुप्पट होतो.

निष्पत्ती

पंप बंद झाला. उपसा आणि देखरेख वर्षानुवर्षं चालली. २००८ मध्ये राज्याशी झालेल्या करारात ४० लाख डॉलर दंड ठरला. रहिवाशांच्या दाव्यांत २००९ मध्ये ज्युरीने सुमारे १५ कोटी डॉलर आणि २०११ मध्ये सुमारे दीड अब्ज डॉलर दिले. या दुसऱ्या रकमेतला एक अब्जाहून मोठा दंडात्मक भाग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केला, फसवणूक सिद्ध झाली नाही म्हणून.

न्यायालयातल्या या भागात तंत्रज्ञांच्या कामाचं काही आहे. कोणत्या विहिरीत कधी, किती आढळलं, मर्यादेच्या वर की खाली, यावर माणसांचे दावे उभे राहतात. तारीख नसलेला, बाटलीचा क्रमांक न जुळणारा नमुना त्या घराचं थेट नुकसान करतो.

काय वेगळं करता आलं असतं

साठा आणि नळीची चाचणी यांबद्दल वर लिहिलंच आहे. त्याशिवाय आजूबाजूच्या विहिरींचे गळतीपूर्वीचे नमुने. पंप सुरू होतानाच आणि पुढे वर्षातून एकदा जवळच्या पाच-सहा विहिरींचं पाणी तपासून ठेवलं तर गळतीच्या दिवशी ‘हे आधीपासूनच होतं का’ या वादात महिने जात नाहीत. पंपाच्या आवारात पापुद्र्यांच्या दिशेने दोन उथळ निरीक्षण विहिरी असत्या तर पेट्रोल घरांपर्यंत जाण्याआधी दिसण्याची शक्यता बरीच वाढली असती.

उपसा कधी थांबवायचा याचा निकषही सुरुवातीलाच लिहून ठेवायला हवा. उपसा चालू असतानाचा आकडा फसवा असतो. यंत्रणा बंद करून पुढच्या चार तिमाहींत नमुने घ्यायचे. मुरमाच्या चिकणमातीत शिरलेलं बेंझीन आणि एमटीबीई हळूहळू परत भेगांत येतं आणि आकडे पुन्हा चढतात. चढले तर यंत्रणा पुन्हा चालू करायची, ती उखडून नेलेली नसावी.

महाराष्ट्रात हे वाचणाऱ्यांसाठी दोन फरक. आपला सुमारे ८० टक्के प्रदेश बेसॉल्टचा. वर मुरूम, खाली भेगाळ कातळ, मध्ये लाव्हाच्या प्रवाहांच्या सांध्यांतले आडवे पाणीदार थर. पापुद्र्यांच्या जागी इथे आडवे सांधे आणि उभ्या डाइक (खडकात भिंतीसारख्या घुसलेल्या पट्ट्या) धरून विचार करावा लागेल. दुसरं, आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. जिवाणू इथेनॉल आधी खातात आणि त्यात भूजलातला ऑक्सिजन संपवून टाकतात. मग बेंझीनकडे वळायला ऑक्सिजन उरत नाही, आणि बेंझीनचा पट्टा साध्या पेट्रोलपेक्षा लांब पसरतो. शेवटी मिथेनही तयार होऊ शकतो, म्हणून विहिरीचं झाकण उघडताना आधी वायू मीटर लावायचा.

नमुन्यांच्या तारखा पावसाशी बांधायच्या. मे अखेरीस पातळी सगळ्यात खाली असते तेव्हा एक फेरी आणि ऑक्टोबरमध्ये भरलेल्या भूजलात दुसरी. उन्हाळ्यात कोरड्या राहिलेल्या भेगांत अडकलेलं पेट्रोल पाणी चढल्यावर धुऊन निघतं, आणि ते फक्त ऑक्टोबरच्या बाटलीत दिसतं.